लोगोतल्या अक्षरांची कड दातेरी का होते आणि ती मुळापासून कशी सुधारायची

तुझी अडचण मला कशी समजली ते आधी सांगतो. आईच्या स्वयंसाहाय्य गटाच्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या दाट रसाच्या, बाटल्यांसाठी तू गिंप या चित्रं करायच्या मोफत प्रोग्राममध्ये लोगो करते आहेस. ‘कोकम आगळ’ हे दोन शब्द लालसर जांभळ्या रंगात, त्यांच्याभोवती जाड पांढरी कड आणि मागे गडद हिरवं. अक्षरं टाइप करून तू जादूच्या कांडीने (एका रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणारं हत्यार) ती निवडलीस, निवड ६ पिक्सेलने वाढवलीस, खालच्या लेयरवर पांढरा रंग ओतलास. कड करवतीच्या पात्यासारखी आली. मग ब्लर केलंस, तर ती धुरकट झाली. लेबल ६ सेंटिमीटर रुंद हवं, आणि गणेश चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात गट बसतो तिथे ६ फुटी बॅनरवरही हाच लोगो लागणार आहे. तू विचारतेस, ‘काका, कुठली सेटिंग चुकली?’

बाय, सेटिंग एखाददुसरी चुकली आहेच. पण खरी गडबड कड काढायच्या पद्धतीत आहे. तू कड पिक्सेलांवरून काढलीस, ती अक्षराच्या मूळ वळणावरून काढायला हवी होती. मी गोव्यात म्हापशाला २००१ पासून लेबलं, पाट्या आणि नाटकांचे फलक करतो. या एका फरकापायी वाया गेलेली कामं इतकी पाहिली आहेत की उत्तर जरा लांबलं तरी चालवून घे.

सगळ्यात आधी एक खात्री करून घे. गिंपमध्ये १ हा आकडा दाब, म्हणजे चित्र बरोबर १०० टक्क्यांवर येईल. ६७ किंवा ३३ टक्क्यांवर दिसणारे दाते पुष्कळदा फक्त पडद्यावरचे असतात, कारण तेवढ्यापुरतं चित्र घाईघाईने लहान करून दाखवलेलं असतं. उलट ८०० टक्के मोठं केलं की जगातली कुठलीही पिक्सेलची कड पायऱ्यांचीच दिसणार. १०० टक्क्यांवर दात दिसले तरच ते दात खरे. तू पाठवलेलं चित्र मी १०० टक्क्यांवर पाहिलं. दात खरे आहेत.

आता ते येतात कुठून? आपल्याकडे गोल विहीर चिऱ्यांनी बांधतात. चिरा चौकोनी, विहीर गोल. गवंडी प्रत्येक चिऱ्याची कड छिन्नीने तासतो म्हणून गोलाई येते. पिक्सेलही चौकोनीच, पण त्याला तासता येत नाही. त्याचा रंग तेवढा कमी-जास्त करता येतो. अक्षराचं वळण एखाद्या पिक्सेलचा निम्मा भाग व्यापत असेल तर तो पिक्सेल निम्मा अपारदर्शक ठेवायचा, पाव भाग व्यापत असेल तर पाव. डोळा त्या फिकट ठिपक्यांना जोडून गुळगुळीत वळण पाहतो. यालाच अँटी-अलियासिंग म्हणतात. पूर्ण पारदर्शकापासून पूर्ण भरीवपर्यंत साधारण २५६ पायऱ्या हाताशी असतात, आणि अक्षराच्या कडेचं सगळं सौंदर्य त्या मधल्या पायऱ्यांत असतं. त्या नाहीशा झाल्या की उरतात नुसते चिरे.

तू त्या तीन ठिकाणी घालवल्यास. जादूच्या कांडीच्या पर्यायांमध्ये अँटी-अलियासिंगची खूण काढलेली होती, हे तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतं. त्यामुळे कडेवरचा प्रत्येक फिकट ठिपका एक तर पूर्ण निवडला गेला नाही तर पूर्ण सुटला. अर्धा कुठलाच राहिला नाही. मग ही दातेरी निवड ६ पिक्सेलने वाढवलीस. वाढवताना दात बुजत नाहीत, तेच दात बाहेर सरकतात, आणि वळणांवर त्यांना नवे कोपरे फुटतात.

तिसरी गोष्ट तू सहज लिहून गेलीस: ‘रंग पातळ वाटला म्हणून दोन-तीनदा ओतला.’ हे फार जण करतात आणि कुणाला त्याचा संशय येत नाही. कडेवरचा पिक्सेल ५० टक्के भरीव असेल तर दुसऱ्यांदा तोच रंग ओतल्यावर तो ७५ टक्के होतो, तिसऱ्यांदा ८७ च्या वर जातो. मधल्या पायऱ्या एकेक करून भरीवाकडे सरकतात आणि कड पुन्हा चिऱ्यांची होते. अक्षर ठळक दिसावं म्हणून लेयरची नक्कल करून तिच्यावरच ठेवणं हाही तोच प्रकार. रंग पातळ वाटला तर रंग बदलायचा, थर वाढवायचे नाहीत.

ब्लरने हे बरं होत नाही. मधल्या पायऱ्या एका पिक्सेलच्या रुंदीत हव्या असतात, ब्लर त्या पाच-सहा पिक्सेलांवर पसरवतं. दात बोथट होतात, पण त्यांची लय तशीच राहते, आणि बाटलीवर छापल्यावर शाई फुटल्यासारखं दिसतं. निवड ‘फेदर’ करणं, म्हणजे निवडीची कड मऊ करणं, हे ब्लरचंच भावंड. ते केलंच तर एका पिक्सेलच्या पुढे जाऊ नको.

तर आता गिंपमध्येच पुन्हा सुरुवात कर. जुन्या फाइलवर डागडुजी करू नको, त्यातच दुप्पट वेळ जातो.

नवं चित्र घेताना रुंदी सेंटिमीटरमध्ये ६ टाक आणि पुढच्या पर्यायांत रिझोल्यूशन १२०० (दर इंचाला इतके पिक्सेल) कर. म्हणजे रुंदी साधारण २८३५ पिक्सेल होईल. छपाईला ३०० पुरतं, ते साधारण ७०९ पिक्सेल. पण मी नेहमी चौपट मोठं काम करून शेवटी लहान करतो. लहान करताना चार गुणिले चार, म्हणजे सोळा पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलात उतरते आणि कड आपोआप मऊ होते. फक्त लहान करताना इंटरपोलेशनच्या चौकटीत ‘नन’ निवडलेलं नसावं. ‘नन’ म्हणजे सरासरी न काढता मधले पिक्सेल फेकून देणं. तिथे ‘क्युबिक’ किंवा ‘नोहेलो’ ठेव.

टेक्स्ट टूल घे, अँटी-अलियासिंगची खूण असू दे, आणि ‘हिंटिंग’ बंद कर. बारीक मजकूर पडद्यावर वाचता यावा म्हणून हिंटिंग अक्षराच्या रेषा पिक्सेलांच्या चौकटीला ओढून बसवतं. लोगोच्या मोठ्या अक्षराला त्याचा उपयोग नाही, उलट वळण किंचित बिघडतं. अक्षरं टाइप झाली की टेक्स्ट लेयरवर उजवी क्लिक करून ‘टेक्स्ट टू पाथ’ निवड. पाथच्या खिडकीत आता तुझ्या शब्दांची बाह्यरेषा दिसेल. फाँट करणाऱ्याने जी वळणं आखली तीच ही वळणं, गणितातली, पिक्सेलांशी संबंध नसलेली.

मग टेक्स्टच्या खाली एक नवा पारदर्शक लेयर घे, तोच निवडलेला आहे ना ते बघ, आणि एडिट मेन्यूतून ‘स्ट्रोक पाथ’ दे. ‘स्ट्रोक लाइन’ हा पर्याय, भरीव रंग, अँटी-अलियासिंगची खूण. रेषेची जाडी मात्र हवी त्याच्या दुप्पट टाक. रेषा पाथच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते आणि आतली निम्मी बाजू वरच्या अक्षराखाली झाकली जाते. २४ पिक्सेल कड दिसायला हवी तर ४८ लिही. एवढंच. कड गुळगुळीत येते, आणि पाथ शाबूत असल्यामुळे जाडी आवडली नाही तर लेयर पुसून दुसरी जाडी दे. गिंपची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. तिच्यात टेक्स्ट टूलमध्येच बाह्यरेषेचा पर्याय आहे. झटपट नमुन्याला तो सोयीचा आहे, पण अंतिम कामाला मी पाथच वापरतो, कारण खाली सांगतो ती देवनागरीची दुखणी त्याशिवाय हाताळता येत नाहीत.

त्याच ‘स्ट्रोक पाथ’च्या चौकटीत ‘लाइन स्टाइल’ उघडलंस तर ‘जॉइन’चे तीन प्रकार दिसतील: टोकदार, गोल आणि कापलेला. दिसायला हे किरकोळ आहे, पण लोगोचा स्वभाव इथे ठरतो. देवनागरीचं पारंपरिक अक्षर तिरक्या कापाच्या बोरूने घडलेलं आहे. उभ्या दांडीचं खालचं टोक, क चं शेपूट, र ची तिरकी लकेर, सगळीकडे तो काप दिसतो. अशा फाँटला गोल जॉइन दिलं तर कडेत तो काप विरघळतो, अक्षर आतून बोरूचं आणि बाहेरून साबणाच्या वडीसारखं दिसतं. तिथे टोकदार जॉइन हवं. पण टोकदार जॉइन फार निमुळत्या कोनावर लांब काटा काढतं, म्हणून ‘मायटर लिमिट’ आहे. ते ४ ठेवलं की साधारण २९ अंशांहून निमुळते कोपरे आपोआप कापले जातात. तू बलू फाँट वापरला आहेस असं दिसतं. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा हा फाँट मुळातच गुबगुबीत आणि गोल टोकांचा आहे, त्याला गोल जॉइनच शोभेल. फाँटची निवड चांगली आहे. तो मुक्त परवान्याचा असल्यामुळे विकायच्या मालावर वापरायलाही अडचण नाही.

नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची हाताने काढलेली अक्षरं पाहत आमची पिढी मोठी झाली. त्या अक्षरांची कड बघ कधी. जाड असो की बारीक, ती आतल्या अक्षराच्या वळणाशी बोलत असते. संगणकावर जॉइन आणि जाडी ठरवताना मी अजून तेच डोळ्यांपुढे ठेवतो.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. गिंपवरची बहुतेक माहिती रोमन अक्षरं गृहीत धरून लिहिलेली असते, त्यामुळे हे तुला तिथे सापडणार नाही. रोमन अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण फाँटच्या आत ती सुटीच असतात. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि मध्ये फट दिसू नये म्हणून हे तुकडे शेजाऱ्यावर थोडे चढवलेले असतात. अक्षर भरीव असतं तोवर हे कळत नाही. बाह्यरेषा दिली की प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बाह्यरेषा मिळते आणि शिरोरेषेवर जिथे जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत तिथे उभ्या चिरा दिसतात. ‘कोकम’मध्ये क आणि म यांच्या मध्ये, काना जिथे चिकटतो तिथे, मात्रेच्या बुडाशी. पुष्कळ जण यालाच ‘कड खराब आली’ म्हणतात आणि अँटी-अलियासिंग शोधत बसतात.

वर सांगितलं तसं कड टेक्स्टच्या खालच्या लेयरवर असेल तर या चिरा झाकल्या जातात, म्हणून तुझ्या लेबलाला धोका नाही. पण आतून पोकळ अक्षर हवं असेल, किंवा रंग थोडा पारदर्शक ठेवायचा असेल, किंवा व्हिनाइल (चिकटवायचा रंगीत प्लास्टिक कागद) कापून घ्यायचं असेल, तर आधी अक्षरं एकसंध केलीच पाहिजेत.

व्हिनाइलचं मी मुद्दाम सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या नाट्यमंडळासाठी मी व्हिनाइलची पाटी करून दिली. उत्सवाचं नाटक तोंडावर होतं. पडद्यावर अक्षरं सुरेख दिसत होती, म्हणून फाइल तशीच कापायला दिली. कापणारं यंत्र रंग बघत नाही, रेषा बघतं. एकमेकांवर चढलेल्या प्रत्येक तुकड्याची रेषा त्याने इमानाने कापली. शिरोरेषा बोटभर लांबीच्या तुकड्यांत सुटी होऊन हातात आली. ती रात्र मी ते तुकडे चिमट्याने एकेक करून फळीवर बसवण्यात घालवली, आणि तरी जवळून पाहिलं की सांधे दिसत होते. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून जोडणी केल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही.

जोडणी गिंपमध्ये नीट होत नाही, त्यासाठी इंकस्केप घे. पिक्सेलांऐवजी वळणांवर काम करणारा हा प्रोग्रामही मोफतच आहे. अक्षरं तिथे टाइप कर, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ दे, गट सोड, सगळं निवडून पाथ मेन्यूतलं ‘युनियन’ दे. शब्द एक अखंड आकार होतो, शिरोरेषा सलग. मग ‘फिल अँड स्ट्रोक’च्या खिडकीत रेषेची जाडी आणि जॉइन दे, आणि तिथेच क्रमाचा पर्याय आहे त्यात रेषा रंगाच्या मागे टाक. गिंपमधल्या खालच्या लेयरचं काम इथे हा एक पर्याय करतो. छापखान्यांत चालणाऱ्या कोरल ड्रॉ या प्रोग्राममध्ये हेच काम ‘वेल्ड’ आणि आउटलाइन पेनमधलं ‘बिहाइंड फिल’ करतं. तिथे ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’लाही खूण कर. नाही तर लोगो बॅनरएवढा मोठा केल्यावर कड पूर्वीएवढीच राहते, म्हणजे केसाएवढी बारीक दिसते.

दुसरं दुखणं तुझ्या लोगोत आत्ताच आहे: ‘आगळ’मधला ळ. त्याची दोन वाटोळी आणि क चा फुगा यांच्या आत पांढरी कड शिरली आहे, आणि मध्ये हिरव्या रंगाचा एवढासा ठिपका उरला आहे. ६ सेंटिमीटरच्या लेबलावर तो ठिपका डागासारखा दिसेल. एखाद्या ठिकाणी शाई पसरली तर तो बुजेल, दुसऱ्या ठिकाणी राहील, आणि दर बाटलीवर ळ वेगळा दिसेल. उपाय सोपा आहे. जोडलेल्या शब्दाची एक नक्कल घे, इंकस्केपमध्ये ‘ब्रेक अपार्ट’ दे, आतल्या पोकळ्यांचे तुकडे निवडून पुसून टाक. राहिली ती शब्दाची भरीव सावली. तिला पांढरा रंग आणि हवी तेवढी जाड पांढरी रेषा दे, आणि खऱ्या शब्दाच्या मागे ठेव. आता अक्षरांच्या आत सगळीकडे स्वच्छ पांढरं आणि बाहेर एकच अखंड कड. कोकमाचा लालसर जांभळा रंग पांढऱ्यावर उठूनही दिसतो. तुझ्या लेबलाला मी हीच पद्धत सुचवेन.

अनुस्वार असलेला शब्द असता तर आणखी एक गोष्ट बघावी लागली असती. कड जाड झाली की बिंदू शिरोरेषेला चिकटतो. तिथे युनियनच्या आधी बिंदू हाताने थोडा वर सरकवायचा. फाँट ‘बिघडवायला’ घाबरायचं नाही. लोगोतलं अक्षर हे चित्र असतं, आणि चित्र डोळ्याने जुळवायचं असतं.

तू शब्द जरासा तिरका केला आहेस, अंदाजे दोन अंश. नेमका हाच कोन देवनागरीला सगळ्यात वाईट. शिरोरेषा लांब आणि सरळ आहे. ती दोन अंश कलली की दर २८-२९ पिक्सेलांनी एक पायरी पडते. पायऱ्या इतक्या दूर दूर पडल्या की डोळा त्या मोजू शकतो, अँटी-अलियासिंग असूनही ओळ थरथरल्यासारखी दिसते. एक तर शब्द सरळ ठेव, नाही तर धीट होऊन सात-आठ अंश कलव, तिथे पायरी दर सात-आठ पिक्सेलांनी येते आणि डोळ्याला जाणवत नाही. कलवायचं ते पाथ असताना. रंग भरून झालेला लेयर फिरवला की पिक्सेलांची पुन्हा एकदा नवी मांडणी होते आणि कड थोडी खराब होते. पाच वेळा थोडं थोडं फिरवून पाहिलं तर पाच वेळा. माझं मत विचारशील तर सरळच ठेव. बाटली मुळात गोल, त्यावर तिरकी शिरोरेषा लेबल वाकडं चिकटवल्यासारखी वाटेल.

बॅनरचा हिशोब आता मांडू. गिंपमधलं लेबलाचं चित्र ७०९ पिक्सेल रुंद आहे असं धर. ६ फूट म्हणजे १८२९ मिलिमीटर. भागाकार केलास तर एकेक पिक्सेल अडीच मिलिमीटरहून मोठा होतो, जवळपास तांदळाच्या कणीएवढा. बाजारात गिऱ्हाईक दोन हातांवर उभं असतं, त्याला ते दिसणारच. चौपट मोठं चित्र दिलं तर पिक्सेल पाऊण मिलिमीटरच्या आत येतो आणि बॅनरला ते चालून जातं. पण पुढे कोणी टेंपोवर रंगवायला मागितलं, कोणी दुकानाच्या पाटीसाठी मागितलं, तर तू पुन्हा तिथेच. म्हणून लोगोची मूळ फाइल इंकस्केपमधली एसव्हीजी असू दे. तिच्यात पिक्सेल नाहीतच, वळणांची समीकरणं आहेत, ती नखाएवढी छाप की भिंतीएवढी. गिंपमध्ये मागची हिरवी पानं, कोकमाचं फळ, छाया हे सगळं खुशाल कर, फक्त अक्षरं तिथे जन्माला घालू नको. छापखान्याला एसव्हीजी किंवा पीडीएफ दे, अक्षरांचे पाथ करून, म्हणजे त्यांच्याकडे तुझा फाँट नसला तरी अक्षर बदलणार नाही. ते कोरलची फाइल मागतील. पीडीएफ कोरलमध्ये उघडते, एवढं त्यांना सांग.

तुझी मैत्रीण फोटोशॉपवर काम करते म्हणालीस, तिच्यासाठी थोडक्यात. टेक्स्टच्या वरच्या पट्टीत अँटी-अलियासिंगला ‘नन’ नसावं, ‘स्मूद’ किंवा ‘क्रिस्प’ असावं. लेयर स्टाइलमधला ‘स्ट्रोक’ बारीक कडेला ठीक आहे, जाड कडेला नाही. बाहेरच्या बाजूला दिला की तो सगळे कोपरे गोल करतो, तुमच्या फाँटला ते हवेत की नकोत हे न विचारता. त्यापेक्षा ‘कन्व्हर्ट टू शेप’ करून शेपचा स्ट्रोक वापरावा, तिथे जॉइन निवडता येतो. ‘फो बोल्ड’ (Faux Bold, म्हणजे संगणकाने कृत्रिमपणे जाड केलेलं अक्षर) लावलेलं असेल तर शेप होत नाही, ते आधी काढावं. खरं तर ते कधीच लावू नये, फाँटचा खरा ठळक प्रकार घ्यावा.

फाइल जतन करताना केलेली मेहनत वाया जाते ते असं. जीआयएफ नको. त्यात पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक नाही तर पूर्ण भरीव, म्हणजे आपण इतका वेळ जपलेल्या मधल्या पायऱ्या एका क्लिकमध्ये जातात. गिंपमध्ये चित्र ‘इंडेक्स्ड’ मोडमध्ये असेल तरी हेच होतं, तुझं आरजीबी आहे ना ते बघून घे. जेपीजीही लोगोला नको. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करून दाबते, आणि पांढऱ्या-हिरव्याच्या सीमेवर घाणेरडे ठिपके सोडते. पीएनजी घे, पारदर्शकता ठेवून. आणि छापखान्याला व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून गेली की ती लहान आणि जेपीजी होऊनच पोहोचते. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा ‘खराब लोगों’पैकी निदान चार-पाच मूळचे चांगलेच असतात, वाटेत खराब झालेले असतात.

तू शेवटी विचारलंस की गटाचं जुनं चिन्ह, ते समईचं, फक्त छोट्या छापील चित्रात उरलं आहे, त्याचं काय. ते इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’ने वळणांत आणता येईल, पण आधी छापील प्रत ६०० वर स्कॅन कर. मोबाइलच्या फोटोवर ट्रेस केलंस तर कागदाचा पोतही रेषा होऊन येईल. ट्रेस झाल्यावर नोड, म्हणजे वळणाला आकार देणारे बिंदू, मोज. समईच्या एका गोल पोटाला चार-सहा नोड पुरतात. पन्नास आले असतील तर ते दातच आहेत, फक्त वळणांच्या वेशात. ‘सिम्प्लिफाय’ एकदा-दोनदा दे, त्याहून जास्त दिलंस तर वाती आणि पोट एकाच जातीचे गोळे होतील. अक्षरांना मात्र ट्रेस कधीच करू नको. फाँट हाताशी असताना ट्रेस करणं म्हणजे घरची विहीर सोडून टँकर बोलावणं.

सगळं झाल्यावर लेबल साध्या कागदावर खऱ्या मापात, १०० टक्के, छापून घे. ‘फिट टू पेज’ची खूण काढ. कापून एका भरलेल्या बाटलीवर चिकटव, कारण आगळाचा गडद रंग मागे असला की पांढरी कड रिकाम्या बाटलीपेक्षा जाड दिसते. हात लांब करून बघ, मग आईला चष्म्याशिवाय वाचायला दे. ळ वाचता आला तर जाडी बरोबर आहे. नाही आला तर कड २४ वरून १८ वर आण आणि पुन्हा छाप. तरीही ळ अडलाच तर एसव्हीजी इथे पाठव, त्याची आतली वाटोळी किती उघडायची ते मी नोड हलवून दाखवतो.